काकी आणि मुरलेला नट

खोली बघायला गेले तेव्हा काकींनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, शाकाहारी की मांसाहारी हेसुद्धा विचारलं नाही. वरच्या मजल्यावर नेलं, पंखा लावला आणि म्हणाल्या, "ऐक."

मी ऐकलं. पंखा फिरत होता. पंखा चांगला चालतो असं त्यांना दाखवायचं असेल, म्हणून मी "छान आहे" म्हणाले. काकींचा चेहरा पडला. त्या दाराकडे वळल्या तेव्हा मी घाईघाईनं सांगितलं की प्रत्येक फेरीला एक बारीक टक असा आवाज येतोय. त्याबरोबर त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. आधी येऊन गेलेल्या कुठल्याच मुलीला तो आवाज ऐकू आला नव्हता, आणि ज्याला पंखा ऐकू येत नाही त्याला गॅस गळालेलाही कळायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. तो टक मी तिथे राहत होते तोवर तसाच राहिला. काकींच्या मते तो दुखण्याचा आवाज नव्हता, सवयीचा होता.

मी तेव्हा चंदीगडच्या सेक्टर एकोणचाळीसमधल्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होते, आणि काकींचं घर शेजारच्याच सेक्टरात होतं. काकी मूळच्या कागलकडच्या. काका फौजेत अधिकारी. शेवटची नेमणूक चंडीमंदिरला झाली आणि निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. परत का गेला नाहीत असं विचारलं की काका हवापाण्याचं कारण सांगत. काकी सांगत, "इथलं रस्ते सरळ हायत. गाडी काय म्हणतीय ते नीट कळतंय."

कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशा काकी स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलत. "मी आलो", "मी जेवलो", "मी झोपतो आता." मी नाशिकची, मला पहिले काही दिवस हसू यायचं. गंमत अशी की हिंदीतही त्यांनी तेच चालवलं होतं. भाजीवाल्याला "मैं कल आएगा" म्हणत, आणि गल्लीतल्या पंजाबी बायकांना वाटे की मराठीत हीच आदराची पद्धत असावी. समोरच्या घरातली एक आजी तर एकदा मलाही "तू कब आया?" असं विचारून गेली. मला बरं वाटावं म्हणून.

घरात कामांची वाटणी स्पष्ट होती. स्वयंपाक काकांचा, दुरुस्ती काकींची. एवढी वर्षं गणवेशात काढलेला तो माणूस राजमा भिजवणं, कणीक मळणं अगदी शिस्तीत करायचा, आणि त्याला साधा प्लग बदलता येत नव्हता. काकींची हत्यारं मात्र स्वयंपाकघरातच असत. चमच्यांच्या खणात पाने, मसाल्याच्या डब्यात वॉशर. एकदा काकांना साखरेच्या बरणीत गोटी पाना सापडला. त्यांनी तो धुतला, पुसला आणि ताटात जेवणाशेजारी वाढला. काकींनी तो उचलून पदरात गुंडाळला आणि आमटी चांगली झालीय म्हणाल्या.

पण गल्लीत काकी प्रसिद्ध होत्या त्या वेगळ्याच कारणासाठी. त्या बायकांना स्कूटर चालवायला शिकवत. साठी ओलांडलेल्या काकी, साडी खोचलेली, पायात काकांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि एक जुनी बिनगिअरची स्कूटर. शिकायला येणाऱ्या बाईला पहिले काही दिवस गाडीवर बसायलाच मिळत नसे. बागेभोवती गाडी नुसती ढकलायची. "आधी तिचं वजन कळू दे, मग तिला तुझं कळंल." त्यानंतर बसायचं, आणि काकी मागे बसत, डोळे मिटून. खरोखर मिटून. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी बघत बसलो तर ती माझ्यावर सोडंल. डोळं मिटलं की तिला कळतंय, बघायचं तिलाच हाय." अशा रीतीनं त्यांनी अर्ध्या गल्लीला रस्त्यावर आणलं होतं, आणि मोठा अपघात एकही नाही. एकदा कुणीतरी भुट्टेवाल्याच्या गाडीवर गेली होती, पण काकी म्हणत की त्याची गाडी चुकीच्या बाजूला होती.

त्यांची शेवटची विद्यार्थिनी पम्मी आंटी. शेजारच्याच घरातली, पन्नाशी पार केलेली, अंगानं भरभक्कम आणि त्याची मनात फार लाज असलेली बाई. खुर्चीवर बसतानाही आधी खुर्चीकडे बघायची. आदल्या वर्षी तिचे यजमान गेले होते. मनीमाजऱ्याच्या बाजारात त्यांचं छोटंसं दुकान होतं, सलवारीचं कापड, लेस, नाडे, अस्तर असल्या मालाचं. यजमान गेल्यावर पम्मी आंटीनं ते पुन्हा उघडलं आणि तिला ते जमतही होतं. पण मनीमाजरा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बस बदलत, कापडाचे गठ्ठे घेऊन रोज जाणं तिला झेपेना. सुरुवातीला दीर मोटारीनं सोडायचा. मग त्याला कंटाळा आला. माणूस वाईट नव्हता, पण दुकान भाड्यानं देऊन टाकावं असं त्याच्या मनात बसलं होतं, आणि त्यानं मोबाइलचं दुकान टाकू पाहणारा एक भाडेकरू शोधूनही ठेवला. मंगळवारी तो बोलणी करायला येणार होता. पम्मी आंटीची लायसन्सची परीक्षा सोमवारी सकाळी होती. तिनं दिराला सांगितलं की मी स्वतः गाडीवर जायला लागले तर दुकान मीच चालवीन. तो हसला आणि हो म्हणाला. त्याला वाटलं, ही काय चालवतेय.

आणि शनिवारी सकाळी, धुक्यातच सराव चालू असताना, गाडी मेली. म्हणजे इंजिन चालू होतं, नेहमीपेक्षा मोठ्यानं ओरडत होतं, पण चाक फिरेना. दोघी गाडी ढकलत घरी आल्या. पम्मी आंटी रडवेली झाली होती. तिनं सगळ्यांना एकच वाक्य सांगितलं, "मेरे वज़न से टूट गई."

काकींनी फाटकाच्या आत, काकांच्या कुंड्यांशेजारी गाडी उभी केली आणि डाव्या बाजूचं झाकण उघडलं. आत रबरी पट्ट्याच्या चिंध्या झालेल्या. असल्या गाडीत इंजिनाचा जोर हा पट्टा मागच्या चाकाला पोचवतो, तो जुना होऊन तुटला होता. त्याचा कुणाच्या वजनाशी संबंध नव्हता, आणि काकींनी ते सांगितलंही, पण पम्मी आंटीला पटलं नाही. नवा पट्टा काकींच्या कपाटात होता, रेशमी साड्यांच्या खाली. म्हणजे काम तासाभराचं. फक्त पट्टा घालायला पुढची पुली सोडवायला हवी. या पुलीला व्हेरिएटर म्हणतात, आणि ती इंजिनाच्या दांड्यावर एका नटानं घट्ट बसवलेली असते.

तो एक नट सुटेना.

त्याला एक इतिहास होता. वर्षभरापूर्वी काकी भाच्याच्या लग्नाला कागलला गेल्या असताना काकांनी, त्यांना तेवढाच आनंद म्हणून, गाडी एका वर्कशॉपला दिली होती. तिथल्या माणसानं तो नट हवेच्या मशीननं आवळला आणि वर कसलासा गोंदही लावला. काकींना हे कळलं तेव्हा त्या दोन दिवस काकांच्या हातचं जेवल्या नव्हत्या. आता त्या पाना लावून जोर करायच्या आणि नटाबरोबर पुली फिरायची, पुलीबरोबर इंजिन. धरायला काही नाही. "मुरून बसलाय," काकी म्हणाल्या. मग आत बघून जरा मोठ्यानं, "गोंद लावलाय नव्हं. डिंकाचा लाडू हाय न्हाई का तो."

आतून फोडणीचा आवाज आला फक्त.

पुली धरून ठेवायला त्यांनी काकांचा फौजेतला कातडी पट्टा मागितला. काका तो घेऊन आले. बक्कल अजून चकाकत होतं. पुलीभोवती पट्टा आवळून मी दोन्ही हातांनी ओढून धरला, काकींनी पान्यावर जोर केला. पट्टा आधी घसरला, मग फाटला. काकांनी दोन्ही तुकडे उचलले, बक्कल पुसलं, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत गेले. गोंद गरम केला तर विरघळेल म्हणून माझा केस वाळवायचा ड्रायर आणला. नट कोमट झाला आणि ड्रायर जळाला.

दुपारी मोटरसायकलवरून एक मेकॅनिक आला. त्याला काकांनी गुपचूप फोन केला होता. त्यानं नट बघितला, पिशवीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, पुलीच्या कडेला जी पंख्यासारखी पाती असतात त्यांत खुपसला आणि हातोडा उचलला. काकींनी त्याचं मनगट वरच्या वर धरलं. असं केल्यानं पुली फिरायची थांबते, पण पातं तुटू शकतं, आणि मग नवी पुली आल्याशिवाय गाडी हलत नाही. तो म्हणाला, मग सोमवारी वर्कशॉपला आणा, हवेची मशीन तिथे आहे, पण आजचं वर्कशॉप मिटलं आणि उद्या रविवार. सोमवारी दुपारी मिळून जाईल. काकींनी त्याला आलं घातलेला चहा दिला आणि फाटकापर्यंत पोचवलं.

संध्याकाळी मी खाली आले तेव्हा काकी गाडीसमोर पाटावर बसल्या होत्या. हातात काहीच नव्हतं. त्यांना हातात काही नसताना मी कधी बघितलं नव्हतं. बोटांच्या पेरांवर कातडी सोलवटली होती. मी शेजारी बसले. गाडीकडे बघतच त्या म्हणाल्या, "मी म्हातारा झालो काय गं?"

नाही म्हणाले असते तर त्यांना खोटं ऐकू आलं असतं.

तेवढ्यात पम्मी आंटी आली, पिन्न्यांचा, म्हणजे कणकेच्या लाडवांचा डबा घेऊन. घरी केलेल्या, तुपानं निथळणाऱ्या. गाडी तोडल्याची भरपाई म्हणून आणल्या होत्या हे उघड होतं. ती उभ्याउभ्याच म्हणाली की राहू दे आता. दीर बरोबर बोलतो, या वयात कसलं दुकान. मंगळवारी येऊ दे त्या माणसाला. ते सगळं तिनं इतक्या शांतपणे सांगितलं की मला आपोआप मान खाली घालावीशी वाटली.

काकी मात्र तिच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. तिच्या कमीजखालून सलवारीच्या नाड्याचं टोक लोंबत होतं, त्या तिकडे टक लावून बघत होत्या. पम्मी आंटीच्या ते लक्षात आलं आणि तिनं ओशाळून घाईनं नाडा आत खोचला.

"ये नाडा कहाँ से लाया?" काकींनी विचारलं.

"दुकान का है, दीदी. सूत का." ती गोंधळली होती.

"मोटा है. और है?"

तिच्या घरात गठ्ठाच होता. तो येईपर्यंत काकींनी मला सांगितलं. लहानपणी त्यांच्या विहिरीवर पाणी उपसायला तेलाचं इंजिन होतं. त्याचं चाक सोडवायचं असलं की त्यांचा थोरला भाऊ इंजिनाच्या पोटात दोरी कोंबायचा. आतला पिस्टन वर येऊ बघतो, दोरीला अडतो, आणि मग सगळं इंजिन गप उभं राहतं. पुलीला बाहेरून धरायची गरजच नाही. हे त्यांना सकाळपासून का आठवलं नाही याचं त्यांना इतकं वैषम्य वाटत होतं की त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. पण मघाची ती बसण्याची पद्धत गेली होती.

रविवारी सकाळी सगळे कुंड्यांपाशी जमलो. काकींनी इंजिनाचा प्लग काढला आणि त्या भोकातून नवा कोरा नाडा बोटाबोटानं आत सरकवला. आत किती मावला कोण जाणे, शेपटासारखं एक टोक बाहेर ठेवलं आणि ते माझ्या हातात दिलं. "सोडू नकोस. आत गेलं तर इंजिन फाडायला लागंल." सूक्ष्म जंतूंच्या काचपट्ट्या हाताळणारी मी, पण इतकं घट्ट आजवर काही धरलं नव्हतं. मग त्यांनी पुली हातानं फिरवली. ती थोडी फिरली आणि मऊ काहीतरी लागल्यासारखी थांबली. पान्याच्या दांड्यावर त्यांनी एक लांब लोखंडी नळी चढवली, टोक पुढच्या चाकाकडे करून, आणि तिच्यावर दोन्ही हातांनी भार टाकला.

पुली जागची हलली नाही. नटही नाही.

काकी नळीला लोंबकळल्या. पाय जमिनीवरून सुटले, बुटांसकट. काका ॲप्रन न काढताच आले आणि त्यांनीही जोर केला. नळी वाकल्यासारखी झाली, कुरकुरली आणि तशीच राहिली. दोघं दमून बाजूला झाले. त्या वयाच्या दोन माणसांना तसं धापा टाकताना बघून मला भीती वाटायला लागली होती.

काकींनी वळून बघितलं. पम्मी आंटी भिंतीला टेकून, शक्य तितकी लहान होऊन उभी होती.

"पम्मी, इसके ऊपर बैठ."

ती नको म्हणाली. टूट जाएगा, म्हणाली. काकींनी तिचा हात धरून तिला नळीपाशी आणलं आणि म्हणाल्या, तुटू दे, पाना माझा आहे. झोपाळ्यावर बसतेस तसं बस, पण सगळी बस, अर्धी नको. पम्मी आंटीनं आधी सवयीनं नळीकडे बघितलं. मग डोळे घट्ट मिटले, देवाचं नाव घेतलं आणि बसली.

कट्ट असा आवाज झाला. हाड मोडावं तसा. नळी खाली आली, पम्मी आंटी फरशीवर बसली आणि तिच्या मांडीशेजारी एक कुंडी आडवी झाली. मी नाड्याचं टोक धरून होते. पम्मी आंटीनं डोळे न उघडता हळूच विचारलं, "क्या तोड़ दिया मैंने?"

काकी खाली बसल्या. पाना बाजूला काढला, नटाला दोन बोटं लावली आणि बाटलीचं बूच फिरवावं तसा तो फिरवला. फिरवत फिरवत काढला आणि पम्मी आंटीच्या तळहातावर ठेवला.

"तोड़ा नहीं," त्या म्हणाल्या. "खोला."

पम्मी आंटी तो नट बघत तिथेच बसून राहिली. मग तिला हसू फुटलं, पोटातून, सगळं अंग हलवणारं, आणि त्या हसण्याची तिला अजिबात लाज वाटत नव्हती. काका आत गेले आणि शिऱ्यासाठी रव्याचा डबा शोधायला लागले. नाडा ओढून काढला तो काळाकुट्ट निघाला, पण अखंड. दुपारच्या आत नवा पट्टा बसला. नट परत लावताना काकींनी तो हातानंच आवळला, मापात, आणि काकांना जवळ बोलावून तसा आवळलेला नट कसा दिसतो ते दाखवलं. काका तो बराच वेळ बघत राहिले. साखर मोजताना बघतात तसे.

ते घर सोडूनही मला आता बरीच वर्षं झाली. काकींचा फोन येतो. "मी बोलतो," म्हणतात, आणि तब्येत विचारायच्या आधी मिक्सर लावायला सांगतात, तो कसा चालतो ते ऐकायला. दुकानाची बातमीही त्याच देतात. मंगळवारी तो भाडेकरू मनीमाजऱ्याला गेला तेव्हा शटर वर होतं आणि पम्मी आंटी एका गिऱ्हाइकाला अस्तर मोजून देत होती. दीर तिथे होता. त्यानं भाडेकरूला चहा पाजून परत पाठवलं, आणि आता तोच लोकांना सांगत असतो की आमच्या भाभीजी स्वतः गाडी चालवतात.

पण काकींची आठवण आली की मला सोमवारची ती सकाळ दिसते. परीक्षेच्या मैदानावर त्या दोघी स्कूटरवरून आल्या होत्या, मी रिक्षानं गेले होते. आम्हाला कठड्याबाहेर थांबवलं. पम्मी आंटीनं जमिनीवर आखलेला आठचा आकडा पाय न टेकता पुरा केला, साहेबांनी मान डोलावली, आणि ती फाटकातून बाहेर आली. काकी पुढे झाल्या, मागे बसायला. पण पम्मी आंटी थांबलीच नाही. तिनं आमच्याकडे बघितलं असेल असं मला वाटत नाही. नजर सरळ रस्त्यावर होती आणि ओढणी मानेमागे घट्ट बांधलेली होती. डावीकडे वळायचा दिवा लावून, अगदी रीतसर, ती मनीमाजऱ्याच्या रस्त्याला लागली आणि झाडांमागे दिसेनाशी झाली.

"गेली," काकी म्हणाल्या.

मी म्हटलं, ती गाडी घेऊन गेली काकी. तुमची पर्स डिकीत आहे. आता घरी कसं जायचं?

"चालतो की मी."

आणि त्या चालायला लागल्या. साडी खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर हेल्मेट. सरळ लांबच लांब रस्त्यानं लोक वळून वळून बघत होते. एका सायकलवाल्यानं थांबून, माताजी गाडी चोरीला गेली का, असं विचारलं. त्याला काकी नाही म्हणाल्या, शिकून गेली. चौक ओलांडल्यावर मी म्हटलं, काकी, हेल्मेट तरी काढा आता. त्यांनी ते काढलं नाही. उलट काच खाली ओढून घेतली.

"ऊन लागालंय," आतून त्यांचा आवाज आला, जरा घोगरा.

जानेवारी चालू होता. शहरात आठवडाभर कुणाला सूर्य दिसला नव्हता.